ज्वालामुखी डोंगरावर, मरण नदीकाठी

ज्वालामुखी फुटला म्हणतात, मग फोटोत सगळीकडे चिखलच का? नेवादो देल रुइस या ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या, कोलंबियातल्या आर्मेरो गावाचे १९८५ सालचे फोटो पाहणाऱ्याला हमखास पडणारा हा प्रश्न. ढिगाऱ्यात आणि पाण्यात गळ्यापर्यंत अडकलेल्या ओमायरा सांचेझ या तेरा वर्षांच्या मुलीचा तो फोटो आजही मोबाइलवर फिरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या घटनेला चाळीस वर्षं झाली.

आर्मेरोपर्यंत लाव्हाचा एक थेंबही पोचला नव्हता. गाव शिखरापासून सरळ रेषेत सुमारे ४८ किलोमीटरवर, म्हणजे ढोबळमानाने पुण्याहून लोणावळा जेवढं तेवढं दूर. तरीही साधारण २९ हजार वस्तीपैकी सुमारे २० हजार माणसं एका रात्रीत गेली. डोंगराच्या दुसऱ्या उतारावर चिंचिना नदीकाठी आणखी सुमारे १,९०० गेली. एकूण बळी २३ हजारांवर. विसाव्या शतकात याहून जास्त माणसं फक्त एकाच ज्वालामुखीने मारली, १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावरच्या माँ पेलेने.

आणि १९८५ चा उद्रेक मोठा नव्हता. ज्वालामुखीच्या जगात तो किरकोळच धरला जातो. किरकोळ उद्रेकाने एवढी माणसं कशी मेली, हे कळलं की बर्फाखालच्या कुठल्याही ज्वालामुखीचा धोका कसा मोजायचा तेही कळतं.

डोंगर कुठे आहे, कसा आहे

ज्वालामुखीचं नाव नेवादो देल रुइस, थोडक्यात रुइस. स्पॅनिशमध्ये ‘नेवादो’ म्हणजे बर्फाने झाकलेला. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम पाच अंशांवर असूनही माथ्यावर कायम बर्फ आहे, कारण उंची सुमारे ५,३०० मीटर. कळसूबाईच्या तिप्पट म्हटलं तरी चालेल. तो अँडीज पर्वतरांगेत, काल्दास आणि तोलिमा या दोन प्रांतांच्या सीमेवर उभा आहे. राजधानी बोगोता तिथून पूर्वेला सुमारे १३० किलोमीटर. वायव्येला तीसेक किलोमीटरवर मानिसालेस हे मोठं शहर, कॉफीच्या मळ्यांनी वेढलेलं.

माथ्यावरच्या खड्ड्याचं नाव आरेनास, व्यास सुमारे एक किलोमीटर. माथ्यापासून नद्या दोन्ही बाजूंना उतरतात. पूर्वेकडच्या ग्वाली, आसुफ्रादो आणि लागुनिया माग्दालेना नदीच्या खोऱ्यात जातात. पश्चिमेकडची चिंचिना काउका नदीला मिळते. पुढचं सगळं या नद्यांभोवती फिरतं, म्हणून ही नावं लक्षात असू द्या. ‘आसुफ्रादो’ म्हणजे गंधकी. डोंगराच्या पोटातून झिरपणाऱ्या गंधकयुक्त पाण्याने नदीला ते नाव मिळालं.

अँडीजमध्येच एवढे ज्वालामुखी का

पॅसिफिक महासागराखाली नाझ्का नावाचा भूपट्ट आहे. भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड, सलग तुकडा. हा पट्टा दरवर्षी काही सेंटीमीटर पूर्वेला सरकतो आणि दक्षिण अमेरिकेच्या पट्ट्याखाली तिरका घुसतो. जाताना समुद्रतळाच्या ओल्या खडकांबरोबर पाणीही खाली नेतो. शंभरेक किलोमीटर खोलीवर दाब आणि उष्णतेमुळे हे पाणी सुटतं आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरतं.

तो खडक आधीपासून तापलेलाच असतो, पण वितळत नाही. पाणी मिसळलं की त्याचा वितळण्याचा बिंदू खाली येतो. घरी हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फावर खडेमीठ टाकतात आणि बर्फ भराभर वितळतो, ते आठवा. बर्फाला कोणी जास्त तापवलेलं नसतं, मिठाने त्याचा वितळण्याचा बिंदूच उतरवलेला असतो. इथे मिठाचं काम पाणी करतं. वितळलेला खडक म्हणजे मॅग्मा. आजूबाजूपेक्षा हलका असल्यामुळे तो वर चढतो.

सह्याद्रीही लाव्हाचाच, मग फरक काय

आपला सह्याद्री ज्या काळ्या बेसाल्टचा आहे तोही लाव्हाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो लाव्हा पातळ होता. जमिनीच्या लांबच लांब भेगांतून निघाला आणि गरम पाकासारखा दूरवर पसरत गेला. घाटात कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे त्याचेच एकावर एक साचलेले थर.

अँडीजच्या मॅग्मात सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, जास्त असते. त्यामुळे तो चिकट असतो, थंडीत गोठत आलेल्या काकवीसारखा. चिकट लाव्हा लांब वाहत नाही, तोंडाजवळच साचतो. एका उद्रेकात राख पडते, पुढच्यात लाव्हा, मग पुन्हा राख. असे थर चढत चढत उंच, उभ्या उताराचा शंकू तयार होतो. याला थरांचा ज्वालामुखी म्हणतात.

चिकटपणाचा दुसरा परिणाम जास्त गंभीर. मॅग्मात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. वर येताना दाब कमी होतो आणि हे वायू बुडबुडे होऊन सुटू लागतात. पातळ लाव्हातून बुडबुडे सहज निघून जातात. चिकट मॅग्मात ते अडकतात, फुगतात आणि शेवटी मॅग्माच्या ठिकऱ्या उडवतात. सोड्याची हलवलेली बाटली उघडल्यासारखं होतं. त्या ठिकऱ्या म्हणजेच ज्वालामुखीची राख. नाव राख असलं तरी काही जळून उरलेली ती राख नव्हे, दगडाचा आणि काचेचा टोकदार चुरा.

(महाराष्ट्रात असा उद्रेक होईल का, हे बरेच जण विचारतात. नाही. आपल्याखाली असा बुडणारा पट्टा नाही आणि सह्याद्रीचा ज्वालामुखी कधीच विझला. भारतात जागृत असलेला एकमेव ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, आणि तिथे मनुष्यवस्ती नाही.)

खरा मारेकरी: लाहार

लाहार हा इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा शब्द आहे. अर्थ, ज्वालामुखीच्या उतारावरून पाणी, राख आणि दगड मिसळून येणारा चिखलाचा लोंढा. स्लॅब टाकताना मिक्सरमधून ओतलं जाणारं ओलं काँक्रीट डोळ्यासमोर आणा आणि ते नदीच्या पात्रातून ताशी तीस किलोमीटरने येतंय अशी कल्पना करा.

रुइसवर त्या रात्री हा लोंढा कसा तयार झाला ते नीट समजून घेऊ. ‘उष्णतेने बर्फ वितळला’ एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. बर्फाच्या लादीवर तापलेला तवा ठेवला तर बर्फ खालून हळूहळू वितळेल, कारण उष्णता फक्त टेकलेल्या भागातून जाते. आता तीच लादी खरवडून चुरा केला आणि त्यात कढत वाळू घालून ढवळलं तर? कणाकणाला उष्णता भिडते आणि काही क्षणांत पाणी होतं. रुइसवर दुसरा प्रकार घडला. आरेनासमधून शेकडो अंश सेल्सियस तापलेल्या राखेचे आणि दगडांचे लोट निघाले आणि जमिनीला घासत बर्फावरून धावले. त्यांनी बर्फ खरवडला, त्यात मिसळले आणि तो वितळवला. माथ्यावरच्या एकूण बर्फाचा सुमारे दहावा भाग गेला. बाकी नव्वद टक्के जागच्या जागी होता.

त्यातून थोड्या वेळात सुमारे २ कोटी घनमीटर पाणी सुटलं. धरणांच्या हिशेबात सांगायचं तर पाऊण टीएमसीच्या आसपास. एवढ्यावर थांबलं असतं तर तो एक मोठा पूर झाला असता. पण उभ्या घळींतून धावताना पाण्याने काठ खरवडले, पात्रातला गाळ, झाडं आणि घराएवढे धोंडे उचलले. खाली जाता जाता लोंढे लहान व्हायच्या ऐवजी दुप्पट ते चौपट फुगले. सगळ्या नद्यांतून मिळून सुमारे ९ कोटी घनमीटर चिखल वाहिला. खडकवासला धरण काठोकाठ भरलं की जेवढं वापरण्याजोगं पाणी असतं त्याच्या दीडपटीहून जास्त.

प्रवाहाचा आकडा याहून धडकी भरवणारा आहे. एका ठिकाणी लोंढ्याचा सर्वोच्च प्रवाह सेकंदाला ४८ हजार घनमीटर होता, म्हणजे जवळपास १७ लाख क्युसेक. खडकवासल्यातून ४०-४५ हजार क्युसेक सोडले की पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं, यावरून अंदाज करा.

पुरात आणि लाहारमध्ये आणखी एक फरक आहे. पाण्याच्या पुरात जड दगड तळाशी लोळतात. लाहार इतका दाट असतो की मोठाले धोंडे त्यात जवळजवळ तरंगत येतात. बऱ्याचदा हे धोंडे आणि ओंडके आघाडीला जमतात आणि घरांवर आधी तेच आदळतात. माणसाला त्यात पोहता येत नाही. आणि लोंढा थांबला की पाणी निथळतं, उरलेलं आवळत जातं, अडकलेल्याला ओढून बाहेर काढणं जवळजवळ अशक्य होतं. आर्मेरोत वाचवायला गेलेल्यांसमोर दिवसेंदिवस हेच होतं. जिवंत माणूस हाताच्या अंतरावर, आणि त्याला सोडवता येत नाही.

त्या दिवशीचा घटनाक्रम

१३ नोव्हेंबर १९८५, बुधवार. दुपारी तीनच्या सुमारास पहिला स्फोट झाला, मुख्यतः वाफेचा. दोनेक तासांत आर्मेरोवर राख पडायला लागली. संध्याकाळी तोलिमाची राजधानी इबागे इथे आपत्कालीन समितीची बैठक झाली. आर्मेरोत रेडिओवरून आणि चर्चच्या भोंग्यावरून लोकांना शांत राहायला, घरातच थांबायला सांगितलं गेलं. राखेपासून वाचायचं तर सल्ला बरोबर होता. लाहारपासून वाचायचं तर तो जीवघेणा होता.

रात्री ९ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास मुख्य उद्रेक सुरू झाला. वादळी पाऊस होता, वीज गेली होती, संपर्क तुटत होता. ढगांमुळे माथ्यावर काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं.

लोंढे आसुफ्रादो आणि लागुनियाच्या घळींतून उतरले आणि एकत्र झाले. नदीच्या वळणांसकट आर्मेरोपर्यंतचं अंतर सत्तरेक किलोमीटर. रात्री साडेअकराच्या थोडं आधी गावात पाण्याची पहिली लाट शिरली. हे पाणी तुलनेने स्वच्छ होतं. वर लागुनियात दरड कोसळून नैसर्गिक बंधारा तयार झाला होता आणि मागे तळं साचलं होतं. लोंढ्याने ते पाणी पुढे ढकललं. काही मिनिटांतच मुख्य चिखल आला. तो ओसरतो न ओसरतो तोच दुसरी मोठी लाट आली, आणि त्यानंतर लहान लाटा मध्यरात्रीनंतरही येत राहिल्या.

उद्रेक सुरू झाल्यापासून चिखल पोचेपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ होता. गावाच्या कडेला टेकड्या होत्या. तिथपर्यंत चालत जाता आलं असतं. या दुर्घटनेबद्दल वाचताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त छळते.

गाव चुकीच्या जागी होतं का

हो, आणि त्याची लेखी नोंदही होती. १५९५ मध्ये रुइसच्या लाहारमध्ये ६३६ माणसं दगावली होती. १९ फेब्रुवारी १८४५ ला लागुनियातूनच आलेल्या चिखलाने सुमारे हजार माणसं गिळली. आर्मेरो त्याच १८४५ च्या वाळलेल्या चिखलावर वसलं होतं.

लोक तिथे का राहिले, याचं उत्तर त्या मातीतच आहे. ज्वालामुखीची राख आणि नदीचा गाळ यांनी जमीन सुपीक झाली होती. भात आणि कापूस भरघोस यायचा. कापसामुळे आर्मेरोला ‘पांढरं शहर’ म्हणत. शिवाय घळीतून नदी सपाटीवर येते तिथे गाळ पंख्यासारखा पसरतो आणि शहर वसवायला हवी तशी सपाट, पाणीदार जागा तयार होते. पण नळीच्या तोंडासमोर उभं राहिलं की पाण्याचा पूर्ण झोत अंगावर येतो. आर्मेरो घळीच्या तोंडासमोर होतं. दोन संकटांमध्ये १४० वर्षांचं अंतर पडलं की आजोबांच्या आजोबांची आठवणही घरात उरत नाही. त्यामुळे रहिवाशांना बेफिकीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मग शास्त्रज्ञांनी सांगितलं नव्हतं का

सांगितलं होतं. डोंगर नोव्हेंबर १९८४ पासून हलत होता. ११ सप्टेंबर १९८५ च्या वाफेच्या स्फोटानंतर आसुफ्रादोतून एक लाहार सत्तावीसेक किलोमीटर आला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इंगेओमिनास या सरकारी भूगर्भ संस्थेने धोक्याचा नकाशा तयार केला. लाहारच्या वाटेत आर्मेरो त्यात स्पष्ट दाखवलं होतं. प्रत्यक्षात चिखल जिथे गेला तो भाग आणि नकाशावरचा रंगवलेला भाग बऱ्याच अंशी जुळले.

नकाशावर भीती पसरवल्याची टीका झाली. गाव हलवायचं तर खर्च होता, आणि उद्रेक झाला नाही तर जबाबदारी कोण घेणार हा प्रश्न होता. शास्त्रज्ञ तारीख देऊ शकत नव्हते. अधिकाऱ्यांना तारखेशिवाय निर्णय घ्यायचा नव्हता. भूकंपमापक यंत्रं मोजकी होती आणि वरच्या खोऱ्यांत लोंढ्याची वर्दी देणारी कायमची व्यवस्था नव्हती. आठवडाभर आधी, ६ आणि ७ नोव्हेंबरला, बोगोतात न्यायपालिकेच्या इमारतीवर सशस्त्र हल्ला होऊन मोठा रक्तपात झाला होता आणि सरकार त्यातच गुंतलेलं होतं. भूशास्त्रज्ञ बॅरी व्हॉइट यांनी नंतर या सगळ्याचा बारकाईने अभ्यास केला. तंत्रज्ञान तोकडं पडलं किंवा नशीब वाईट होतं हे कारण त्यांनी मान्य केलं नाही. माणसांच्या चुका एकावर एक साचत गेल्या, हा त्यांचा निष्कर्ष.

आता डोंगरावर नजर कशी ठेवतात

१९८६ मध्ये मानिसालेसला ज्वालामुखी वेधशाळा सुरू झाली. ती आज कोलंबियाच्या भूगर्भ सेवेचा भाग आहे. त्याच वर्षी अमेरिकेने इतर देशांना मदत करणारं ज्वालामुखीतज्ज्ञांचं फिरतं पथक उभं केलं, तेही आर्मेरोमुळेच. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो फुटण्याआधी हजारो लोकांना वेळेत हलवता आलं, त्यात या पथकाचा वाटा होता.

नजर मुख्यतः तीन गोष्टींवर असते. पहिली म्हणजे कंप. मॅग्मा वर येताना खडक फोडतो, तेव्हा छोटे, तीक्ष्ण भूकंप होतात. भेगांतून वायू आणि द्रव सरकताना संथ, लांबलेले कंप होतात, कुकरला शिट्टीआधी जी धडधड लागते तसे. कोणते कंप कुठे आणि किती खोलवर होत आहेत, यावरून मॅग्मा कुठवर आलाय त्याचा अंदाज बांधतात. दुसरी म्हणजे डोंगराचा आकार. आत मॅग्मा भरला की उतार किंचित फुगतो. हा फुगवटा डोळ्यांना दिसत नाही, पण उतारमापक आणि जीपीएस यंत्रं टिपतात. तिसरी म्हणजे वायू. सल्फर डायऑक्साइड वाढला तर ताजा मॅग्मा वर येतोय असा संशय बळावतो. तो एकदम घटला तरी काळजीच, कारण वायूची वाट बुजली असेल तर आत दाब साठतोय.

लाहारसाठी वेगळी यंत्रणा लागते. नदीकाठी जमिनीत भूध्वनिमापक पुरतात. ज्वालामुखीचे भूकंप सेकंदाला पाचसहा हेलकाव्यांच्या आतले, तर धोंडे आपटत येणाऱ्या लोंढ्याची थरथर सेकंदाला तीस ते ऐंशी हेलकाव्यांची. त्यामुळे यंत्राला दोन्हींत फरक करता येतो. वरच्या यंत्राने इशारा दिला आणि थोड्या वेळाने खालच्यानेही दिला, की लोंढा निघाल्याची खात्री होते आणि वेगही कळतो. खालच्या गावाला तेवढी मिनिटं मिळतात. फक्त यंत्रापासून भोंग्यापर्यंतचा निरोप वाटेत कुठल्या टेबलावर अडकता कामा नये.

२०२३ मध्ये इशारा दिला आणि काहीच झालं नाही, मग?

रुइस २०१० नंतर पुन्हा अस्वस्थ झाला. २०१२ मध्ये राख उडाली. २०१५ पासून आरेनासच्या तळाशी चिकट लाव्हाचा घुमट वाढत गेला. मार्च २०२३ च्या अखेरीस खडक फुटण्याचे छोटे भूकंप दिवसाला हजारोंच्या घरात गेले. त्याच सुमारास इशारा पिवळ्यावरून नारिंगी झाला. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशी ती चढण असते. नारिंगीचा अर्थ काही दिवसांत किंवा आठवड्यांत उद्रेकाची शक्यता बरीच वाढलेली आहे, लालचा अर्थ उद्रेक तोंडावर आहे किंवा सुरू झालाय. जवळच्या सुमारे अडीच हजार कुटुंबांना हलायला सांगितलं. बहुतेक हलली नाहीत. २७ जूनला इशारा परत पिवळा झाला.

‘खोटा इशारा’ असं त्याला म्हणू नये. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस दवाखान्यात ठेवलं आणि झटका आला नाही, तर डॉक्टर चुकले असं आपण म्हणत नाही. खोलवर हललेला मॅग्मा कित्येकदा वर न येताच थांबतो. तो थांबेल की येईल हे आधी छातीठोकपणे सांगणारं यंत्र अजून कोणाकडेही नाही.

घर न सोडणाऱ्यांचंही ऐकायला हवं. त्या उतारांवर बटाट्याची शेती आहे, दुभती गुरं आहेत. गाय दिवसातून दोनदा पिळावीच लागते, नाहीतर कासेला सूज येते. तीन महिने निवाऱ्यात राहायचं तर गुरं कुठे ठेवायची, चारा कोण देणार, याचं उत्तर इशाऱ्याबरोबर दिलं नाही तर माणूस हलत नाही. कोकणात वादळाआधी ‘घर सोडा’ म्हटल्यावर लोक गोठ्याकडे बघतात, तसंच हे आहे.

बर्फ घटतोय, म्हणजे धोका घटला?

थोडा. रुइसवरचा बर्फ १९८५ च्या मानाने निम्म्याहून कमी उरलाय. पण १९८५ ला एकूण बर्फाचा दहावा भागच पुरला होता, हे विसरून चालणार नाही. शिवाय लाहारला बर्फच लागतो असं नाही. उतारावर सैल राख पडलेली असेल तर जोरदार पाऊसही तो सुरू करू शकतो, आणि या भागात पाऊस भरपूर पडतो.

डोंगराला भोक पाडून दाब का सोडत नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. मॅग्मा काही किलोमीटर खोल, प्रचंड दाबाखाली आणि खडकांत विखुरलेला असतो. वीतभर रुंदीच्या भोकातून त्या पसाऱ्यावर काहीच फरक पडणार नाही.

राख पडायला लागली तर

राख लाहारइतकी जीव घेत नाही, पण पोचते फार दूर. ओली झाली की जड होते. छपरावर दहा सेंटीमीटर ओली राख साचली तर दर चौरस मीटरला शंभर ते दोनशे किलो वजन येतं, आणि पत्र्याचं साधं छप्पर बसू शकतं. म्हणून थर पातळ असतानाच साफ करायचा, शिडी पक्की धरून, तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि डोळ्यांवर गॉगल लावून. राख नाल्यात ढकलायची नाही, ती घट्ट बसून गटार तुंबवते. गोण्यांत भरायची. गाडीच्या काचेवर कोरडी राख असताना वायपर फिरवला तर काच ओरखडून निघते, आधी भरपूर पाणी मारायचं. ओली राख वीज वाहून नेते, त्यामुळे खांबावरच्या चिनीमातीच्या वीजरोधकांवर (चिमण्यांवर) साचली की ठिणग्या उडून वीज जाते. आणि भोंगा वाजायला हवा त्याच वेळी वीज गेलेली असते. म्हणून भोंग्याला स्वतंत्र बॅटरी हवी.

लाहार येतोय असं कळलं तर

नदीच्या दिशेने खाली पळायचं नाही. लोंढा तुमच्यापेक्षा वेगवान आहे. नदीला काटकोनात, बाजूच्या चढावर जायचं, अगदी चालत गेलं तरी चालेल. चाळीस-पन्नास मीटर उंचीचा फरक पडला तर बहुतेक ठिकाणी जीव वाचतो. सपाटीवर हजार मीटर लांब जाण्यापेक्षा टेकडीवर शंभर मीटर चढणं केव्हाही चांगलं. गाडी काढून रस्त्यात अडकू नका. खोऱ्यातला रस्ता बहुधा नदीच्या कडेनेच जातो. पूल ओलांडायची वेळ आली तर आधी वरच्या बाजूला बघा आणि ऐका. लोंढा दिसण्याआधी ऐकू येतो, मालगाडी आल्यासारखा सलग गडगडाट होतो आणि पायाखालची जमीन थरथरते. नदीचं पाणी अचानक गढूळ झालं, त्यात ओंडके दिसू लागले, किंवा उलट पाणी एकदम आटलं, तरी वाट न बघता चढायला लागा.

वर पोचल्यावर पहिली लाट गेलेली दिसेल. माणसं, कागदपत्रं, गुरं यांच्यासाठी लगेच खाली उतरावंसं वाटेल. उतरू नका. आर्मेरोत दुसरी मोठी लाट पहिलीनंतर काही मिनिटांतच आली होती, आणि लहान लाटा मध्यरात्र उलटून गेल्यावरही येत होत्या.